जंतूंची भिंत आणि माझी नलू

माझी धाकटी बहीण नलू आजारी पडली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातलं मीठ फळीवरून खाली उतरलं. डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि मायने त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला: बरणी पोरीच्या नजरेसच पडू नये. ती शेगडीमागच्या कोनाड्यात गेली. वरण एकच शिजायचं, पण त्यातलं वाटी-दोन वाट्या आधी बाजूला निघायचं आणि मग उरलेल्यात मीठ पडायचं. नलूच्या ताटात अळणी वरण, अळणी भाजी, ज्वारीची भाकर आणि तोंडाला चव यावी म्हणून लिंबाची फोड, भाजलेल्या जवसाची बिनमिठाची चटणी. तिच्या शेजारी बसून माय तेच जेवायची. बाबांना आणि मला मिठाचं. मी एकदा विचारलं, "माय, तू काहून अळणी खाते?" तर म्हणाली, "मले आवडते." तिला ते अजिबात आवडत नव्हतं. आम्ही कोष्टी, रविवारी घरात मटण व्हायचं, जवसाच्या तेलातलं, काळ्या मसाल्याचं, नाकातून पाणी काढणारं. त्या दिवशी माय आमच्या रश्श्यावरचं झाकण काढून नुसती वाफ घ्यायची, परत झाकायची, आणि नलूजवळ बसून फिके तुकडे चावायची.

आमचं घर लकडगंजात होतं. आजोबांपर्यंत सगळ्यांनी माग चालवला; तो माग उमरेडला काकांकडे गेला आणि बाबा लाकडाच्या टालावर कामाला लागले. सागाचे ओंडके उतरवून घ्यायचे, मापून रचायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे. सकाळी आरा मशीन सुरू झाली की तिचा किंचाळणारा आवाज आमच्या भिंतींत शिरायचा आणि दिवसभर तिथेच राहायचा. सुट्टीच्या दिवशी तो नसला की माय म्हणायची, कान बसल्यासारखे वाटून राहिले. बाबांच्या केसांत, कानांच्या पाळ्यांत, शर्टाच्या शिवणीत लाकडाचा बारीक भुसा असायचा. घरातलं जळणही तेच. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली हळूच फिरवून वर ओढायची. भुसा न ढासळता मध्ये गोल पोकळी राहिली तर शेगडी साधली. हे काम नलूचं. तिच्याइतकी घट्ट शेगडी आमच्यात कोणालाच भरता येत नव्हती. त्या भुशाच्या धुराला एक गोडसर वास असायचा. आता मी गॅसवर चहा करते आणि कधी कधी उगीचच नाक वर करून बघते.

तिचा आजार घशापासून सुरू झाला. लहान होती, प्राथमिक शाळेत. घसा दुखला, ताप आला, उतरला. हळदीचं दूध, गुळण्या, झालं. मग काही दिवसांनी एका सकाळी तिचा गुडघा सुजला. तो बरा होतो न होतो तोच दुसरा. मग मनगट. शेगडी भरायला बसली आणि बाटली फिरवता येईना म्हणून मुकाट रडत राहिली. सदर भागातल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून इतका वेळ ऐकलं की मायने माझा हात धरला. त्यांनी बाबांना नीट समजावून सांगितलं. घशात एक जंतू येतो. शरीर त्याच्याशी लढतं, पण काही मुलांच्या शरीराची ओळखण्यात गफलत होते आणि ते जंतूबरोबर आपल्याच सांध्यांवर, आपल्याच हृदयावर हात उगारतं. सांधे सुधारतात; हृदयाची झडप विसरत नाही. तो जंतू पुन्हा घशात ठाण मांडू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पोरगी मोठी होईपर्यंत, कदाचित त्यानंतरही. बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "खेळू देऊ का हिले?"

ज्याने ते इंजेक्शन घेतलं नाही त्याला त्याचं दुखणं सांगता येत नाही. दवाखान्यात काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून बाहेर यायची. बाटलीतल्या पांढऱ्या पुडीत पाणी घालून नर्सबाई ती हलवायच्या, आणि आत कालवलेल्या खडूसारखं दाट काहीतरी व्हायचं. आधी हाताला एक थेंब टोचून पाहायचा, अंगाला सोसतं का म्हणून. मग जाड सुई, कमरेखाली. औषध दाट, त्यामुळे थांबलं तर सुईतच अडकायचं. माय नलूचे पाय धरायची आणि स्वतः डोळे मिटायची. परत येताना नलू लंगडायची आणि माय तिच्यासाठी संत्री घ्यायची, उन्हाळ्यात खरबूज. घरी आल्यावर ती एका कुशीवर झोपून संत्र्याची एकेक फोड सोलायची, शिरा काढून, आणि त्यातली चांगली मला द्यायची.

ती अशी मोठी होत असताना मी कॉलेजात गेले आणि सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेतला. लोक विचारत तेव्हा बाबा सांगायचे, "जंतूचं शिकते," आणि ऐकणारा किंचित मागे सरकायचा. मी तो विषय नलूसाठी घेतला असं पुढे कोणीतरी एका समारंभात माझ्याबद्दल बोललं. खरं म्हणजे मला रसायनशास्त्राची भीती वाटायची आणि या विषयात ते कमी असेल असा माझा समज होता. तो पहिल्याच वर्षी खोटा ठरला. पण तिथे देशकर बाई भेटल्या. पन्नाशीच्या, एकट्या, महाल भागात भावाच्या घरी राहणाऱ्या, आवाज हळू आणि चष्मा नेहमी कपाळावर. त्यांचा स्वतःचा जीव जंतूंच्या भिंतीवर होता. बाकीचं सगळं त्या वेळेवर आणि नीट शिकवायच्या. भिंतीवर आल्या की घंटा झालेली त्यांना ऐकू यायची नाही.

त्या सांगायच्या, जंतू केवढासा, पण त्याच्या आत सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबसारखा ताण असतो. बाहेरचं पाणी सारखं आत शिरू पाहतं. त्याला फुटू देत नाही ती ही भिंत. साखरेच्या लांब लांब साखळ्या, आणि साखळीला साखळी जोडणारे प्रथिनांचे आखूड दुवे, अशी विणलेली जाळीची पिशवीच. काहींची गोल, काहींची लांबोडकी. पिशवीचा आकार तो जंतूचा आकार. आता गंमत बघा, त्या म्हणायच्या. जंतू वाढतो. वाढायचं तर पिशवी मोठी करायला हवी, आणि मोठी करायची तर जुने दुवे कापून तिथे नवा धागा घालायला हवा. आत सगळं तटतटलेलं असताना, एकदाही न फुटता. कापणारे आणि जोडणारे हात एकाच वेळी चालू असतात. पेनिसिलिन कापणाऱ्यांना हात लावत नाही. ते फक्त जोडणाऱ्यांचे हात धरून बसतं. मग कापणं चालू राहतं आणि भिंत उसवते. म्हणून जो जंतू वाढत असतो, भिंत बांधत असतो, तोच मरतो. जो स्वस्थ पडून असतो त्याला काही होत नाही.

मी हे घरी येऊन नलूला सांगायला हवं होतं असं आज वाटतं. त्या वयात आपलं पुस्तक आणि आपलं घर यांचा एकमेकांशी संबंध आहे हे लक्षात येत नाही.

नलूने इंजेक्शन नाकारलं त्या दिवशी थंडीची सुरुवात होती. माय पिशवी घेऊन दारात उभी आणि नलू बाजेवर, भिंतीकडे तोंड करून. सोळा-सतरा वर्षांची झाली होती.

"ऊठ वं, रांग वाढते," माय म्हणाली.

"मले नाही यायचं."

"काहून? अंग दुखते का?"

"नाही. मले आता घ्यायचंच नाही ते."

तिने आवाज चढवला नाही, म्हणून मायला वाटलं की रुसली असेल, उद्या जाऊ. उद्याही गेली नाही. इंजेक्शनची पुढची तारीख आली तीही तशीच गेली. मायने समजावलं, देवाची शपथ घातली, एक दिवस जेवली नाही. बाबा एका संध्याकाळी तिच्याजवळ बसले. त्यांना असलं बोलणं जमत नसे. शेवटी म्हणाले, "तू मनातलं सांग, मी रागावत नाही." तिने त्यांनाही काही सांगितलं नाही. शर्टावरचा भुसा मात्र हाताने झटकून दिला.

मला तिने सांगितलं, ते दुपारी गच्चीवर वाळवण राखताना. मागच्या वेळी रांगेत एक बाई होती. तिने मायला ऐकू जाणार नाही अशा बेताने नलूला विचारलं, किती वर्षं घेतेस? आणि मग म्हणाली, "एवढी वर्षं? हे औषध आतून पोखरते, पोरी. जंतू मारते ते आपल्याले काय सोडते? हार्ट पिचकून जाते. पुढं लेकरू होत नाही." नलूने ते घरी आणलं आणि रोज थोडं थोडं वाढवलं. छातीत धडधडलं की तिला वाटायचं, हे औषधाचंच.

"तूच सांग ताई," ती म्हणाली. "जे जंतूले फोडते, ते मले फोडत नसन काहून?"

मला उत्तर येत होतं. परीक्षेत ते लिहून मी चांगले गुण घेतले होते. पण तिच्याकडे बघून मी जे म्हटलं ते असं की आपल्या पेशींना तशी भिंत नसते, आणि तिने मान हलवली, जशी आपण एखाद्याचं मन राखायला हलवतो. तिच्या दृष्टीने भिंत नसणं ही तर आणखीच भीतीची गोष्ट होती.

देशकर बाईंना मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, जणू मी तपासायची एखादी काच त्यांच्यासमोर धरली होती. "सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. "सांगितलं तर त्या रांगेतल्या बाईनेही आहे. तिला घेऊन ये. शनिवारी दुपारी कोणी नसतं."

नलू यायला तयार झाली ती इंजेक्शन नाही या अटीवर. मायला आम्ही सांगितलं की कॉलेज बघायला जातोय. तिने नलूला माझी निळी साडी नेसवली आणि डब्यात कोथिंबीर भरलेली सांबारवडी दिली, ती अळणीच. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्याचा आणि जंतूंसाठी शिजवलेल्या मांसरसाचा वास होता, तिथे नेहमीच असायचा. बाईंनी सकाळपासून तयारी करून ठेवली होती. त्यांनी नलूला स्टुलावर बसवलं, साडीचा पदर खोचायला लावला आणि म्हणाल्या, "घशातला तो जंतू मी इथे आणणार नाही. तो तुझा वैरी आहे. हा दुसरा आहे, सगळ्यांच्या आतड्यात राहणारा. पण भिंत बांधायची रीत दोघांची सारखी."

सूक्ष्मदर्शकाखालच्या पहिल्या काचेवर ते जंतू नुसते होते. नलूला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तिने स्टूल पुढे ओढलं. "तांदूळ," ती म्हणाली. "हलून राहिले." तिने खूप वेळ पाहिलं. बाईंनी घाई केली नाही.

दुसऱ्या काचेवरचे साखरेच्या पाण्यात होते आणि त्यात पेनिसिलिन घातलं होतं, नलूला देत तशाच बाटलीतलं. साखर कशाला, ते बाईंनी सांगितलं: बाहेरचं पाणी गोड केलं की ते आत घुसायची घाई करत नाही, म्हणून भिंत गेली तरी जंतू लगेच फुटत नाही, तग धरतो. नलूने डोळा लावला. तांदळाचे दाणे आता तसे नव्हते. काहींच्या मधोमध फुगवटा आला होता, अजगराने काही गिळल्यासारखा, आणि बरेचसे तर पार गोल झाले होते, साबणाच्या फेसातल्या बुडबुड्यांसारखे.

"हे तेच?" तिने विचारलं.

"तेच. भिंत उसवली, आता आकार राहिला नाही. आतलं सगळं जागच्या जागी आहे. बघत राहा हं." बाईंनी काचेच्या कडेला साध्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेने टिपकागद लावला, पाणी आत ओढलं जावं म्हणून. मी नलूच्या पाठीमागे उभी होते. तिची पाठ एकदम ताठ झाली. गोळे एकेक करून नाहीसे होत होते. जागेवर फक्त फिकट सावली उरत होती.

नलूने मान वर केली. मग म्हणाली, "बिचारे."

मी हसले. देशकर बाई हसल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "त्यांना काय ठाऊक तुझं हृदय." मग त्यांनी एक दात कोरायची काडी काढली, तिची बोथट बाजू नलूच्या गालाच्या आतून हलकेच फिरवली, काचेवर पुसली, निळ्या रंगाचा थेंब घातला, आणि डोळा लावून जागा शोधली. "ये. ही तू आहेस."

तिथे सपाट, कोपरे दुमडलेल्या, मधे गडद ठिपका असलेल्या पेशी होत्या, निळ्या. मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, स्वतःचं, मैत्रिणींचं. नलू बघत राहिली.

"हे मी आहो?"

"तुझ्या गालाची आतली बाजू. आता मी हेच औषध यावर घालते, त्याच बाटलीतलं. पाहिजे तेवढं बस."

बाईंनी थेंब सोडला. आम्ही थांबलो. बाहेर कोणीतरी सायकल लावली, शिपाई जिन्यावरून खाली गेला. नलूने डोळा काढला नाही. मानेला रग लागली तेव्हा दुसरा डोळा लावला. आम्ही डब्यातल्या वड्या खाल्ल्या, बाईंनीही खाल्ल्या आणि मीठ कमी आहे असं म्हणाल्या नाहीत. नलू तोंड पुसून पुन्हा स्टुलावर बसली. ठिपका तिथेच होता, कडा तशाच होत्या.

"काही झालं नाही," ती म्हणाली.

"होणार नाही. ज्या हातांना ते औषध धरतं ते हातच तुझ्यात नाहीत. पण एक सांगते, फसवणार नाही. ही गालाची पेशी आहे. हृदय काही मला काचेवर ठेवून दाखवता यायचं नाही. एवढं मात्र आहे की ती भिंत तुझ्या अंगात कुठेच नाही. गालात नाही, हृदयात नाही, पोटात नाही. काहींना या औषधाची पित्तासारखी गांधी उठते, कोणाला त्याहून वाईट होतं. म्हणून ते आधी हाताला थेंब टोचून बघतात. तुला इतकी वर्षं सोसलंय."

नलूने खाली बघून, फक्त मला ऐकू येईल असं, लेकरांचं विचारलं. मीच ते मोठ्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "ते डॉक्टरांना विचारायचं, माझं शिक्षण त्यातलं नाही. पण मला कळतं ते इतकं, की ते तू हृदय किती जपतेस यावर आहे. औषधाने मूल होत नाही असं मी कुठे वाचलेलं नाही."

निघताना नलू टेबलावरच्या काचेच्या नळ्यांकडे पाहत होती. एका नळीत गोल झालेले जंतू साखरेच्या पाण्यात अजून तसेच होते. "या जंतूयचं औषध काढून घेतलं तं?" तिने विचारलं. बाईंच्या तोंडावर जो आनंद आला तो आम्ही विद्यार्थिनींनी कधीच आणला नव्हता. त्या म्हणाल्या, "ते आपण बघू. शोभा सांगेल तुला." शोभा म्हणजे मी.

सोमवारी मी ती नळी पाहिली. बाईंनी रविवारी येऊन औषध धुऊन काढलं होतं आणि जंतूंना साखरेचंच पण ताजं अन्न दिलं होतं. सगळे वाचले नव्हते. पण जे वाचले ते वाढले होते, आधी वेडेवाकडे, गाठी आलेले, कुबड आलेले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत हळूहळू सरळ होत पुन्हा तांदळाचे दाणे. मी वर्ग बुडवून घरी आले. नलू परसात शेगडी भरत होती. मी तिला सांगितलं.

तिने बाटली फिरवायची थांबवली. "पुन्हा लांबट झाले?"

"हो."

"त्यायले कसं ठाऊक, का आपन लांबट होतो म्हनून? भिंत तं गेली होती ना?"

मी म्हटलं, माहीत नाही. देशकर बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की त्यांनाही माहीत नाही आणि बहुतेक जगात कोणालाच नीट माहीत नाही. आज थोडंफार माहीत आहे. जंतूच्या आतल्या अंगाला प्रथिनाचे बारीक तुकडे असतात. अंग जिकडे वळलेलं असेल ते त्यांना जाणवतं आणि त्या वळणाने ते घेराभोवती फिरत राहतात. भिंत बांधणारे हात त्यांच्यासोबत फिरतात, पिंपाला लोखंडी पट्ट्या आवळाव्यात तसे, आणि म्हणून तो जाड न होता लांब होतो. हे मी आयुष्यभर शिकवलं, थोडं कामही त्यावर केलं. कोणतीही नवी बातमी वाचली की मी नलूला फोन करते. ती ऐकून घेते आणि म्हणते, "म्हंजे अजून पुरं नाही समजलं." तिचं बरोबर असतं.

पण त्या दुपारी तिने उत्तरासाठी जोर धरला नाही. भुशाचा हात तसाच गुडघ्यावर ठेवून बसली. "म्हंजे औषध सुटलं का ते पुन्हा उभे राहते," ती सावकाश म्हणाली. तिने गळ्याला हात लावला. "ताई, माहा घसा दोन दिवसांपासून दुखून राहिला. मायले नको सांगू."

मी मायला सांगितलंच. माय तव्यासमोरून उठली आणि तिने आधी पिशवी शोधली, मग चप्पल. पण तोवर नलू तोंड धुऊन, वेणी घालून दारात आली होती. "तू राह्य, माय," ती म्हणाली. "मी जाते."

"एकटी?"

"हो."

"पाय कोन धरन?"

"कोनी नाही धरलं तं मीच धरून ठेवीन."

ती गेली. माय दारात उभी राहिली, मग आत आली, मग परत दारात. असं मोकळं बसणं तिला दवाखान्याच्या दिवशी कधी ठाऊकच नव्हतं. तिने तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. बाबा टालावरून भर कामाच्या वेळी घरी आले आणि पाणी प्यायला आलो म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावरही ते बसून राहिले. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता रस्त्याचा कानोसा घेत होतो.

त्या वेळी तो सांध्यांचा ताप पुन्हा आला नाही. डॉक्टरांनी घशासाठी गोळ्याही दिल्या होत्या आणि नलूला खूप रागावले होते. पुढे झडपेने तिला त्रास दिलाच; लग्नानंतर ती आकसलेली झडप एकदा फुगा घालून मोठी करून घ्यावी लागली. तिला एक मुलगी झाली. आता नलू कळमेश्वरला असते, जिना चढताना मध्ये थांबते आणि थांबल्यावर खिडकीतून काहीतरी बघतेय असं दाखवते. इंजेक्शनं तिने चाळिशीपर्यंत घेतली. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

माय भाकर थापत होती तेव्हा फाटक वाजलं. नलू एका बाजूने लंगडत आत आली, ओट्याला टेकली आणि हळूच, न दुखणारी बाजू खाली घेऊन, बसली. मायने नेहमीचा प्रश्न विचारला, "लय दुखलं का वं?" हा प्रश्न ती प्रत्येक वेळी परतीच्या वाटेवर विचारायची आणि नलू प्रत्येक वेळी 'नाही' म्हणायची, अगदी लहान असल्यापासून, गालावर पाणी असताना सुद्धा.

"हो," नलू म्हणाली. "लय दुखते, माय. दर वेळेस दुखते." आणि तिने मायच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मायला पिठाचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग तिने ते तसेच नलूच्या केसांवर ठेवले. ती वाकली, नलूच्या कानाशी काहीतरी बोलली, आम्हाला ऐकू आलं नाही, आणि दोघी तशाच राहिल्या. तव्यावरची भाकर एका बाजूने करपायला लागली होती. बाबांनी जन्मात कधी शेगडीला हात लावला नव्हता. ते उठले, पटकूर शोधलं, सापडलं नाही, आणि बोटं भाजत ती भाकर उलटली.